तुकडोजींनी घालून दिलेली बैठक

आमच्या वरूड-मोर्शी भागात कुणाला नागपूरला तुकडोजीत नेले असे कळले, की ऐकणारा पुढे फारसे विचारीत नाही. तुकडोजी म्हणजे मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. खंजिरी वाजवीत गावोगाव भजने करणाऱ्या एका संताचे नाव आमच्याकडे असे दोन गोष्टींशी जोडले गेले आहे. एक संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि दुसरी कॅन्सर. पहिल्या गोष्टीचे कारण सर्वांना माहीत आहे. पण तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरने गेले, हे मात्र नव्या पिढीतल्या पुष्कळांना माहीत नसते.

मीही या वाटेने जाऊन आले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या स्तनातली गाठ काढली, केमो झाली, शेक झाले आणि त्यानंतर पाच वर्षे रोज एक हॉर्मोनची गोळी घ्यावी लागली. मी ती घेतली. माझ्या ओळखीच्या अनेकजणींनी ती घेतली नाही, किंवा मध्येच सोडली. अशा बायकांना समाजात बसायला जागा उरत नाही. डॉक्टर रागावतात, घरचे धास्तावतात, आणि शेजारीण एक तर काढा सुचवते नाही तर देव. या बायकांना बसायला जागा कशी मिळावी, याचा विचार करताना मला पुन्हा पुन्हा तुकडोजी महाराजांचे चरित्र आठवते. त्यांनी औषध शोधले नाही, चमत्कारही केला नाही. त्यांनी माणसांना एकत्र बसवण्याची एक रीत घालून दिली, आणि आजारी माणसाला तिचा किती उपयोग होतो हे मी पाहिले आहे.

यावलीचा माणिक

माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. घर गरिबीचे. आईचे नाव मंजुळाबाई. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. मुलाचा ओढा अभ्यासापेक्षा भजनाकडे होता. वरखेडच्या आडकोजी महाराजांचा सहवास त्यांना बालपणी लाभला आणि तुकड्या हे नाव आडकोजींनीच दिले, अशी परंपरा आहे. भजन म्हणावे आणि कुणी देईल त्या भाकरीच्या तुकड्यावर राहावे, अशा राहणीवरून पडलेले ते नाव. पुढे डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला, तरी भजनाच्या शेवटच्या ओळीत ते स्वतःला तुकड्याच म्हणवीत राहिले.

पोरवयातच हा मुलगा घर सोडून रानात गेला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी या ठिकाणांची नावे त्यांच्या चरित्रात येतात. सालबर्डी तर आम्हा वरूडकरांच्या रोजच्या बोलण्यातली. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशच्या हद्दीवरचे ते महादेवाचे ठाणे. महाशिवरात्रीला तिथे अजूनही यात्रा भरते. रानात राहून, कंदमुळे खाऊन, एकट्याने साधना करणाऱ्याला आपल्याकडे मान लवकर मिळतो. तुकडोजींनाही तो मिळाला असता. पण ते गुहेत राहिले नाहीत, गावात परत आले. त्यांच्या आयुष्याचे मोठे वळण मला यातच दिसते. त्यानंतर त्यांनी जे केले ते सगळे माणसांच्या घोळक्यात बसून केले.

मोझरीचा आश्रम

१९३५ हे वर्ष त्यांच्या चरित्रात महत्त्वाचे. त्या वर्षी सालबर्डीला मोठा महायज्ञ झाला आणि लाखांनी माणसे जमली. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीजवळ गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, गांधीजींनी त्यांना बोलावून घेतले आणि वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, महाराज सुमारे महिनाभर राहिले. सकाळ-संध्याकाळ सर्वांनी मिळून करायची प्रार्थना हा गांधीजींच्या दिनक्रमाचा भाग होता. ती महाराजांनी तिथे जवळून पाहिली.

मग आले १९४२. आष्टी आणि चिमूर ही नावे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला सांगावी लागत नाहीत. आष्टी तर वरूडच्या शेजारची. त्या ऑगस्टमध्ये या भागात जो भडका उडाला, त्यामागे महाराजांच्या भजनांची धग होती असे सरकारचेही मत झाले असावे, कारण महिना संपण्याच्या आत त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरात सुटका झाली. सुटून आल्यावर त्यांनी श्रीगुरुदेव सेवामंडळाचे काम खेड्याखेड्यात नेले. आज विदर्भातल्या कितीतरी गावांत या मंडळाची शाखा असते, आणि शाखा म्हणजे काय, तर एक सतरंजी, एक खंजिरी, एक पेटी आणि ठरलेल्या वेळी येऊन बसणारी माणसे.

ही सामुदायिक प्रार्थना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. वेळ ठरलेली असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. समोर कुठल्याही एका देवाची मूर्ती नसते. सगळे ओळीत बसतात. पाटलाला पुढची जागा आणि मजुराला मागची, असा भेद नाही. जात आणि धर्म विचारला जात नाही. बायकाही असतात. शांत बसणे हा प्रार्थनेचाच भाग असतो. नवस बोलला जात नाही, अंगात येत नाही, अंगारा मिळत नाही. बुवाबाजी, चमत्कार, भूतबाधा यांच्यावर महाराजांनी आयुष्यभर कोरडे ओढले. १९५५ मध्ये आलेली ग्रामगीता ४१ अध्यायांची आहे आणि त्यांत ग्रामआरोग्यावर एक, महिलोन्नतीवर एक आणि सामुदायिक प्रार्थनेवर एक असे अध्याय आहेत. आरोग्य, स्त्री आणि एकत्र बसणे यांचा विचार त्यांनी एकाच ग्रंथात केला. गावातला आजार हा एकट्याचा नसतो, गावाचा असतो, ही समज त्या ग्रंथभर आहे.

ग्रामगीता आली त्याच वर्षी महाराज जपानला गेले आणि तिथल्या विश्वधर्म परिषदेत त्यांनी आपली भजने म्हटली. पुढच्या वर्षी भारत साधुसमाजाची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत ते सीमेवर जाऊन जवानांपुढे खंजिरी घेऊन उभे राहिले. या साऱ्या धावपळीत वर्षाचे किती दिवस मोझरीत आणि किती रस्त्यावर गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल.

दूरदेशीची गोळी

ज्या काळात महाराज गावोगाव माणसे बसवीत होते, त्याच काळात दूर देशांत दोन गोष्टी घडल्या. महाराजांना त्यांची वार्ता असण्याचे कारण नव्हते, पण आमच्यासारख्यांचे आयुष्य त्यांनी बदलले. पहिली अमेरिकेतली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेझ लॅसर नावाच्या बाईंचे स्तनाचे ऑपरेशन झाले. ऑपरेशननंतर कुणी काही सांगत नाही, हे त्यांना जाणवले. मग त्या स्वतःच दवाखान्यात जाऊन ऑपरेशन झालेल्या इतर बायकांना भेटू लागल्या. त्यातून रीच टू रिकव्हरी ही चळवळ उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली. जिने भोगले आहे तिने दुसरीजवळ बसावे, एवढेच तिचे सूत्र.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. स्तनाच्या काही गाठी शरीरातल्या स्त्री-हॉर्मोनवर पोसतात, याचा सुगावा स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन यांना १८९६ मध्येच लागला होता. त्यांनी रोग्याची बीजकोशे काढून गाठ आटते का हे पाहिले होते. पुढे १९६२ मध्ये आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक द्रव्य तयार केले. हेतू संततिनियमनाचा होता, तो साधला नाही. पण हेच द्रव्य टॅमॉक्सिफेन या नावाने १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरवर मंजूर झाले. तोवर महाराजांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

आता या गोळीचा हिशेब सरळ मांडते, कारण तो समजल्याशिवाय घेणारीला घेण्याचे आणि नाकारणारीला नाकारण्याचे बळ येत नाही. ज्यांच्या गाठीच्या तपासणीत ई.आर. पॉझिटिव्ह असे लिहून येते, त्यांनाच तिचा उपयोग. अशांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, असे हजारो बायकांवरच्या चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये मांडले गेले. हा फायदा लहान नाही. पण एक-तृतीयांश कशाचा, हेही पाहावे लागते. जिला शंभरात तीसचा धोका आहे तिचा तो वीसवर येतो. जिला शंभरात सहाचा आहे तिचा चारवर येतो. गोळी तीच, पण दोघींचा हिशेब वेगळा.

आणि गोळीची किंमत दुकानातल्या बिलापुरती नसते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, मन उदास होते, नवरा-बायकोच्या जवळिकीत अडचण येते. क्वचित रक्ताची गुठळी होते किंवा गर्भाशयाच्या अस्तरात रोग उद्‌भवतो. पाळी गेलेल्या बायकांना देतात त्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सांधे आखडतात आणि हाडे ठिसूळ होतात. जगभर पुष्कळ बायका पाच वर्षे पुरी करत नाहीत, त्या काही अडाणी म्हणून नव्हे.

सातजणींची सतरंजी

वरूडला आम्ही सातजणी आठवड्यातून एकदा, गुरुवारी, प्रार्थना आटोपली की एकीच्या ओसरीवर बसतो. आम्हाला नाव नाही, फलक नाही. रीत मात्र महाराजांच्या बैठकीची उचलली आहे. वेळ ठरलेली. सगळ्या एकाच सतरंजीवर. आधी दोन मिनिटे शांत. मग जिला बोलायचे ती बोलते, बाकीच्या मध्ये तोंड घालीत नाहीत. अंगारा, ताईत, हमखास गुणाचा काढा यांची जाहिरात करायची नाही. आणि गोळी घेणारी शहाणी, सोडणारी वेडी, असे कुणी म्हणायचे नाही.

आमच्यातली एक संत्र्याच्या पेट्या भरण्याच्या कामाला जाते. तिची सकाळी बोटे वळेनात. चौदा महिने गोळी घेऊन तिने गुपचूप बंद केली. मुलगा दर महिन्याला अमरावतीहून पाकिटे आणून देई आणि ती गव्हाच्या कोठीत ठेवून देई. डॉक्टरांना ती घेते असेच सांगत होती. तपासणीला जायचेही टाळत होती, कारण खोटे उघडे पडेल ही भीती. एका गुरुवारी ती हे सारे बोलली. कुणी रागावले नाही. रागावले नाही म्हणूनच ती पुढच्या आठवड्यात आली आणि आमच्यातल्या एकीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी काही आठवडे गोळी थांबवून दुसरी लिहून दिली. तीही तिला सोसली नाही. तिने सांगून, कागदावर नोंद करून, गोळी सोडली. आज ती दर सहा महिन्यांनी तपासणी आणि वर्षाला एकदा मॅमोग्राफी चुकवीत नाही. गोळी सोडणे हा तिचा निर्णय होता. लपवणे थांबले, हे बैठकीने झाले.

दुसऱ्या आहेत सत्तरी ओलांडलेल्या, आम्ही सगळ्या त्यांना आजी म्हणतो. गाठ अगदी लहान होती. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावले की त्यांच्या बाबतीत गोळीचा फायदा थोडा आहे. त्यांनी विचार करून ती घेतलीच नाही. तिसरी चौतिशीची. तिला मूल हवे होते, म्हणून तिने गोळी सोडायचे ठरवले होते. दीड ते अडीच वर्षे गोळी घेऊन मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन वर्षांपर्यंत खंड घेतलेल्या बायकांची एक आंतरराष्ट्रीय चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवरच्या, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षांच्या, काळात तरी त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. ही माहिती बैठकीत एकीने आणली. ती मुलगी आता कायमची नाही तर ठरवून घेतलेल्या खंडावर आहे.

आणि चौथी. तिने दुसऱ्या वर्षी गोळी सोडली होती आणि आम्हाला ते ठाऊक होते. पुढे रोग हाडांत उतरला. त्यानंतर तिने गुरुवारी येणे बंद केले. आपण नाकारले म्हणून झाले, असे आता सगळ्या मनात म्हणतील, हे तिला सहन होणार नव्हते. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो आणि तिच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलो. गोळी घेतली असती तर रोग उलटला नसता, असे कुणीच सांगू शकत नाही. घेणाऱ्यांतही काहींना उलटतो. तिने विचारले नाही आणि आम्ही हिशेब मांडला नाही. पुढचे गुरुवार बैठक तिच्याच घरी झाली, ती असेपर्यंत.

ती गेल्यावर आमच्यातल्या एकीने सोडलेली गोळी पुन्हा सुरू केली आणि दुसरीने आपला नकार कायम ठेवला. दोघी अजून शेजारी शेजारी बसतात. माझी पाच वर्षे पुरी झाली आहेत. त्यामुळे मला त्या दोघींपेक्षा वरची जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

शेवटचे दिवस

महाराजांचे शेवटचे आजारपण कॅन्सरचे होते. शक्य ते उपचार झाले, गुण आला नाही. १९६८ साली आजच्या औषधांपैकी फारच थोडी हाती होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला. वय होते ५९. ज्या माणसाने आयुष्यभर चमत्कारांना विरोध केला, त्याच्या आजारपणाला चमत्काराची जोड देण्याचे कारण नाही. तो एका माणसाचा आजार होता आणि उपचारांना न जुमानता त्याने त्यांना नेले. त्यांच्यावर श्रद्धा असलेल्या लाखो लोकांना हे पचवावे लागले, की इतक्या मोठ्या संतालाही कॅन्सर होतो. आमच्याकडच्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. आपल्या कुठल्या तरी पापाने हा रोग झाला, ही खंत अजून कितीतरी घरांत आहे. महाराजांचे चरित्र तिला खोडून काढते.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत लाखोंचा समुदाय जमतो. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली की ते सगळे एकदम स्तब्ध होतात आणि मौन श्रद्धांजली वाहतात. त्या गर्दीत गाठ काढलेल्या किती, गोळी घेणाऱ्या किती, सोडलेल्या किती, हे कुणी मोजत नाही.

महाराजांच्या नावाचा वारसा आज दोन टोकांना दिसतो. मोझरीच्या आश्रमात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे आणि नागपूरच्या त्यांच्या नावाच्या रुग्णालयात कॅन्सरवर आधुनिक उपचार होतात. आमच्या गावची बाई बहुधा या दोन्हींच्या मध्ये उभी असते. तिने दोन्हीकडे खरे सांगावे, एवढे तरी झाले पाहिजे. काही औषधे आणि काही वनस्पतींचे अर्क हॉर्मोनच्या गोळीचे काम मंदावू शकतात. म्हणून काढा घेत असाल तर तो डॉक्टरांना सांगा, आणि गोळी बंद केली असेल तर तेही सांगा. गोळी बदलता येते, त्रासावर इलाज असतो. आणि सारे ऐकून नकोच वाटले, तरी तपासणीचे दार उघडे राहते. लपवले की मात्र ही सगळी दारे एकदम बंद होतात.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी एखादी बाई असेल, आई असेल, वहिनी असेल, शेजारची काकू असेल, तर तिला उपदेश करण्याच्या आधी तिच्याजवळ बसा. गावात अशा दोघी असतील तर त्यांची गाठ घालून द्या. बैठकीला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. एक सतरंजी आणि एक ठरलेली वेळ पुरे. गेली नव्वद वर्षे वऱ्हाडातल्या खेड्यांत याच भांडवलावर माणसे एकत्र बसत आली आहेत.